सरकारी वाढदिवस

सँडी ग्राउंड, अँग्विला
६ एप्रिल १९७५

चि. डल्सी हिला,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. ईस्टर होऊन आठवडा झाला तरी तुझं पत्र नाही.

इकडे सगळी खुशाली आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खुशाली कसली डोंबलाची! एलियाबला जाऊन अजून सहा महिने झाले नाहीत आणि त्याचे धाकटे बंधू, आमचे एग्बर्ट भाऊजी, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला निघालेत. त्यांनी नवी बोट बांधलीय, नाव ठेवलंय 'थंडरबोल्ट'. सांगाडा झकास झालाय, पण डोलकाठी मनासारखी मिळेना. मग नजर कुठे वळणार? आमच्या 'पेशन्स'वर.

आपल्या किनाऱ्याची रीत तू विसरली नसशील. बोट पळवेल त्याची. वर्षभर वाळूत पडून राहिली की घरातल्या कुणीही तिच्यावर हक्क सांगावा. एलियाबने तिला शेवटची पळवली ती गेल्या जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या शर्यतीत. म्हणजे या राणीच्या वाढदिवसाला, चौदा जूनला, वर्ष भरतं. भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता, त्या दिवशी मी डोलकाठी आणि शीड काढून नेतो, खालच्या लाकडाचा बकऱ्यांना गोठा होईल. गोठा! ज्या बोटीच्या फळ्या एलियाबने चार वर्षं एकेक करून वाकवल्या, तिच्यात बकऱ्या लेंड्या टाकणार!

मी सांगितलं, 'पेशन्स' शर्यतीत उतरेल आणि कप्तान मी असेन. किनाऱ्यावर जो हशा पिकला तो तुला इंग्लंडात ऐकू आला असेल. बायका बोटीत चढत नाहीत म्हणे. मी विचारलं, मग ही शर्यत कुणाच्या वाढदिवसाची आहे? राजाच्या की राणीच्या? तेव्हा भाऊजींनी अट घातली. नुसतं उतरून भागणार नाही, 'थंडरबोल्ट'च्या आधी किनाऱ्याला लागलात तर बोट कायमची तुमची, नाहीतर त्याच संध्याकाळी डोलकाठी माझी. मी चार माणसांदेखत हात मिळवला.

जाता जाता ते म्हणाले की वहिनी बसल्या तर वाळूच्या गोण्या घ्यायला नकोत, भार आपोआप झाला. पुन्हा हशा. मीही हसले. पण ते वाक्य मी नीट घडी घालून जपून ठेवलंय.

एक काम कर. तिकडच्या दुकानातून बायकांचा पोहायचा पोशाख पाठव, असेल नसेल त्यातला सगळ्यात मोठा. कारण विचारू नकोस. डॉक्टर म्हणतो गुडघ्यांना खारं पाणी चांगलं.

वॉल्टनला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवायला टपालखर्च पडत नाही.
तुझी ताई,
लिओनोरा


स्लाव, इंग्लंड
२० एप्रिल १९७५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार घालायला इथल्या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्याउभ्याच करते.

तुझं पत्र वाचलं आणि चहा ओतून ठेवलेला तसाच गार झाला. ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? अठ्ठावन्न वर्षांची तू, गुडघे धरलेले, वजन दोनशे दहा पौंड (हे मी नाही, तूच मागच्या पत्रात लिहिलंस), आणि बोटीत चढून शर्यत लावणार? बाबा समुद्रात बुडून गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते, पण आई किनाऱ्यावर बसून राहिलेली मला आठवते. त्यानंतर तिने आपल्याला घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. तुला पोहता येत नाही, मला येत नाही. एका डोलकाठीसाठी मला बहीण गमवायची नाही. दे टाकून त्या एग्बर्टला, आणि ये इकडे रहायला.

वॉल्टन मात्र तुझ्या बाजूचा. पत्र ऐकल्यापासून घरभर फुशारक्या मारत फिरतोय. म्हणतो, जाताना वाऱ्याच्या तोंडावर बोट जड हवी आणि येताना वारा पाठीवर आला की हलकी, शर्यतीत एवढंच कळावं लागतं. एलियाबच्या बोटीवर खलाशी असताना एकदा परतीच्या वाटेवर गोण्या समुद्रात टाकून झाल्या तरी बोट रखडत होती, तेव्हा एलियाबने त्याला सरळ उडी मारायला लावली होती. तासभर पोहत आला आणि बोट जिंकल्याचं त्याला किनाऱ्यावर कळलं! ती गोष्ट मी लग्नापासून चाळीस वेळा ऐकलीय. आता एकेचाळीस.

तुला गंमत सांगू? बिस्किटांच्या कारखान्यात मी आमच्या मुकादमाला विचारलं की राणीच्या वाढदिवसाची सुट्टी कधी. तो म्हणाला, कसली सुट्टी? इथे सुट्टीच नसते! राणी यांची, राजवाडा इथून वीस मिनिटांवर, आणि त्या दिवशी आम्ही बिस्किटं भरायची. वर कळलं की तिचा खरा वाढदिवस उद्या, एप्रिलातच. जूनमधला नुसता सरकारी. एका बाईला दोन वाढदिवस आणि तिच्या गावच्या लोकांना अर्धाही नाही.

पोशाख पाठवतेय. दुकानातल्या पोरीने दोनदा विचारलं की नक्की हेच माप का. निळा आहे, पांढरी फुलं आहेत. गुडघ्यांसाठीच वापर.

आणि रागावू नकोस, मी एग्बर्टभाऊंनाही एक पत्र टाकलंय.
तुझ्या काळजीने वाळलेली,
डल्सी


सँडी ग्राउंड
२ मे १९७५

सौ. डल्सिनाबाई यांस,
एग्बर्ट हॅरिगन याचा सप्रेम नमस्कार. आपले पत्र पोचले. आपण मला दुष्ट म्हटले नाही, पण दोन ओळींच्या मध्ये लिहिले आहे ते मला वाचता येते.

आपल्या भगिनींना मी तीनदा समजावले. समुद्र हा बायकांचा प्रांत नव्हे. त्या मला म्हणाल्या की समुद्र तरी बाप्यांचा कुठे आहे, तो तुम्हाला गिळतोच ना. त्यांच्या खलाशांपैकी चौघांनी माघार घेतली. मी कोणाला धमकावलेले नाही. मी फक्त म्हणालो की जो बाईच्या हुकमात बसेल त्याने पुढे माझ्या बोटीवर काम मागू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. त्या रोज सकाळी, प्रार्थनेच्या वेळी, आपण पाठवलेल्या फुलाफुलांच्या पोशाखात खाडीत उतरतात आणि म्हाताऱ्या हेझकायाच्या देखरेखीखाली पाण्यात धबाधबा हातपाय आपटतात. मासे तिकडून पळून गेले आहेत. पाद्रीसाहेबांनी हटकले तर त्यांना म्हणाल्या की गुडघे देवानेच दिले आहेत.

'पेशन्स' मला परकी नाही. तिच्या तळाची पहिली तुळई एलियाबने आणि मी खांद्यावरून वाहून आणली होती. तिची डोलकाठी माझ्या बोटीवर उभी राहिली तर माझा भाऊ माझ्याबरोबर शर्यतीत आहे असे मला वाटेल. हे मी वहिनींना सांगितलेले नाही. आपणही सांगू नये.

तरीपण अट ती अट. चौदा जूनच्या संध्याकाळी डोलकाठी काढायला मी माणसे सांगून ठेवली आहेत. आपण लोभ ठेवावा, निदान तेरा जूनपर्यंत.
आपला,
एग्बर्ट हॅरिगन


सँडी ग्राउंड
१८ मे १९७५

चि. डल्सी,
आशीर्वाद देऊ की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. दिले. पण पुन्हा त्या माणसाला माझ्याबद्दल पत्र लिहिलंस तर बहीण म्हणून हाक मारणार नाही. त्याने ते किनाऱ्यावर काढून दाखवलं. म्हणाला, बघा, यांची सख्खी बहीणसुद्धा म्हणते डोलकाठी द्या. मला काय वाटलं असेल? घरचे पाय ओढायला लागले की परक्यांची गरजच काय!

चौघं गेले. जाईनात का. शेपूट घालणाऱ्यांना बोटीत जागा कशाला? पाच जण राहिले, हेझकाया धरून. तो सत्तरीचा आहे, पण सुकाणू त्याच्या हाताला लागलं की वाराही बिचकून चालतो. बाकीच्या जागा मी मिठागरातून भरल्या. ऑर्डिलिया, मिल्सेंट आणि मिल्सेंटची नणंद. तिघी डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन दिवसभर तळ्याच्या चिखलातून चालतात. दोर ओढायला असे हात कुठल्या बाप्याला आहेत? पहिल्या दिवशी किनाऱ्यावर टवाळी झाली, दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो आणि टवाळी बंद.

शर्यतीच्या समितीनेही खोडा घालून पाहिला. नियमात बाई बसत नाही म्हणाले. म्हटलं, दाखवा नियम. नियम लिहिलेलाच नाही! मग मी सरकारी कचेरीतून आलेला छापील कागद पुढे केला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावली, 'महाराणींच्या जन्मदिनानिमित्त'. समितीने 'पेशन्स'चं नाव यादीत लिहून घेतलं.

पोशाख पोचला. मापाला अगदी बरोबर आहे, त्या दुकानातल्या पोरीला सांग. गुडघेही बरे आहेत. वॉल्टनला म्हणावं, जाताना जड आणि येताना हलकं, हे मी विसरलेली नाही. नवऱ्याबरोबर तेहतीस वर्षं शर्यतीच्याच गप्पा ऐकल्या, त्या वाऱ्यावर गेल्या नाहीत.

तू विचारतेस एका डोलकाठीसाठी एवढं कशाला. डल्सी, एलियाब शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावर होता तेव्हा खिडकीतून त्याला फक्त ती डोलकाठी दिसायची. रोज सकाळी विचारायचा, उभी आहे ना? मी म्हणायचे, आहे. आता मी खिडकीशी उभी राहिले आणि ती नसली, तर त्याला काय सांगू? म्हणून. पुन्हा विचारू नकोस.

घोडामैदान जवळच आहे. रागातही लोभ असतो, तो ओळखून घे.
ताई


स्लाव
१ जून १९७५

ती. ताईस,
कान धरून नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रडले, मग वॉल्टनवर ओरडले, मग पुन्हा रडले. चुकलं माझं. एग्बर्टभाऊंना दुसरं पत्र टाकलंय, फक्त एका ओळीचं: माझं पहिलं पत्र मी परत घेते आणि माझी बहीण तुम्हाला पाणी पाजणार आहे. तेही किनाऱ्यावर काढून दाखवा म्हणावं.

पण ताई, एक विचारू? बोटीत बसायला पोहायचा पोशाख लागत नाही. गुडघ्यांसाठी कुणी रोज पहाटे हेझकायाला उठवत नाही. वॉल्टन काल जेवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, अगं, तुझी बहीण... आणि उठून सरळ दाराबाहेर गेला. तुरीच्या दाण्यांचा भात पानात तसाच. मी विचारलं तर म्हणे काही नाही. तुमच्या दोघांच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळत नाही, आणि कळतंय असं वाटलं की मी उठून भांडी घासायला घेते.

मी तुला थांबवणार नाही. फक्त बाबांसारखी जाऊ नकोस. चौदा तारखेला शनिवार असूनही मला जादा पाळी आहे. बिस्किटं भरीन आणि घड्याळाकडे बघीन. तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा माझ्याकडे दुपार.
देवाच्या आणि हेझकायाच्या भरवशावर तुला सोडणारी,
डल्सी


सँडी ग्राउंड
१५ जून १९७५

सौ. डल्सिनाबाई यांस,
नमस्कार. आधी महत्त्वाचे: आपल्या भगिनी जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि या क्षणी माझ्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हसून दाखवीत आहेत. हे पत्र त्यांनीच मला लिहायला लावले. म्हणाल्या, हरणाऱ्याने सांगितले तरच माझ्या बहिणीला खरे वाटेल.

तेव्हा खरे सांगतो. सात बोटी उतरल्या. जाताना वाऱ्याच्या तोंडावर 'पेशन्स' आम्हा सर्वांना मागे टाकून गेली. मी म्हणालो होतो ना की वहिनींना गोण्या लागणार नाहीत? त्या बरोबर वाऱ्याकडच्या, वर उचललेल्या काठावर बसल्या होत्या, चर्चचा पांढरा झगा, डोक्यावर हॅट, आणि बोट अशी ताठ चालली होती की माझ्या माणसांनी आपल्याच मुठी चावल्या. खुणेच्या होडीला वळसा घातला तेव्हा त्या आमच्या पुढे चार बोटलांबी होत्या.

परतीला वारा पाठीवर आला आणि मी मनात म्हणालो, आता आल्या कचाट्यात. जो भार जाताना कामाला येतो तोच येताना गळ्यात धोंडा होतो. माझ्या लोकांनी गोण्या फेकल्या, मग दोघांनी उड्या मारल्या, आणि 'थंडरबोल्ट' उडायला लागली. त्यांच्याकडच्या थोड्याफार गोण्याही पडल्या. मग मिठागराच्या दोन बायका पाण्यात. तरी मी अंतर कापत होतो. क्रोकस बे या खाडीसमोर आम्ही अगदी शेजारी आलो. त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता.

तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या. हॅट काढून हेझकायाच्या डोक्यावर ठेवली. झगा काढला, त्याची नीट घडी घातली, तीही त्याच्या मांडीवर ठेवली. आत आपला तो निळा पोशाख. आणि मारली उडी.

बाई, मी पन्नास वर्षे या शर्यती पाहतो आहे. खलाशी उड्या मारतात. कप्तान मारीत नाही. कप्तानाने उडी मारलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पाणी असे उडाले की मी निम्मा भिजलो. एलियाबची बायको पाण्यात, आणि मी शेजारून निघून जाणार? मी बोट वळवायला ओरडणार इतक्यात त्या वर आल्या, तोंडातले पाणी थुंकल्या, आणि मलाच ओरडून बजावले की भाऊजी, खबरदार शर्यत सोडाल तर, उद्या गावभर सांगाल की बाईला वाचवताना हरलो!

म्हणून मी शर्यत सोडली नाही. पूर्ण शीड लावून, जीव काढून धावलो. आणि तरीही हरलो. दोनशे दहा पौंड उतरल्यावर 'पेशन्स' जी सुटली ती सुटलीच. दीड बोटलांबीने मी हरलो. यात कुठलीही सबब नाही, ही ओळ वहिनींनी दोनदा वाचून पाहिली आहे.

पुढचेही सांगायला हवे. चार वाजता सरकारी कमिशनर साहेबांनी राणीचा संदेश वाचायचा, मग राष्ट्रगीत, मग कप्तानाला चषक, असा छापील क्रम होता. पण कप्तान अजून समुद्रात. गोळा करायला गेलेल्या होडीत त्या चढेनात; कुत्र्यासारखे हातपाय मारीत आपल्या आपण येत होत्या, होडी नुसती मागे. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि बँडला खूण केली. तोवर मिठागरातली ती ऑर्डिलिया भिजल्या कपड्यांनी ढोलवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, राणीचा खरा वाढदिवस एप्रिलात झाला, आठ आठवडे थांबली ती आणखी अर्धा तास थांबेल. सगळा किनारा हसला, आणि मग कुणी हलेचना. साहेबही भला माणूस, संदेशाचा कागद घडी करून खुर्चीत बसला.

त्या पाण्यातून चालत वर आल्या तेव्हा बँड सुरू झाला. वहिनी तिथेच, गुडघाभर पाण्यात, निथळत ताठ उभ्या राहिल्या. सगळे उभे होते. मी टोपी काढली. ती राणीसाठी काढली की कोणासाठी, हे मला विचारू नये.

डोलकाठी काढायला सांगितलेली माणसे मी परत पाठवली. पहिल्या पत्रात मी जे सांगू नका म्हणालो होतो, ते आता सांगितले तरी चालेल.
आपला,
एग्बर्ट हॅरिगन


सँडी ग्राउंड
१६ जून १९७५

चि. डल्सी,
आशीर्वाद, आणि या वेळी धपाटा नाही.

एग्बर्ट भाऊजींचं पत्र मी डोळ्यांखालून घातलंय, सगळं खरं आहे. फक्त कुत्र्यासारखे हातपाय हे त्यांनी मुद्दाम घातलं. राहू दिलं, हरलेल्या माणसाला तेवढं तरी द्यावं.

तू भिऊ नकोस असं आता म्हणते, पण खरं सांगू? उडी मारताना मी भ्याले. पाणी डोक्यावरून गेलं, कानात नुसता घों घों आवाज, आणि मला बाबा आठवले. वाटलं, आता मीही आईला किनाऱ्यावर बसवणार. मग राग आला. कुणाचा कोण जाणे, समुद्राचा, भाऊजींचा, एलियाबचा, माझ्या वजनाला हसलेल्या एकेका माणसाचा. त्या रागाने मी वर आले. हेझकायाने मला सहा आठवडे तरंगायला शिकवलं, पण वर आणलं ते त्या रागाने.

काल संध्याकाळी भाऊजी आले. दारात उभे राहिले, आत येईनात. मीच म्हटलं, या, खारा मासा आणि ताजे तळलेले जॉनीकेक आहेत. जेवताना त्यांनी तो तळाच्या तुळईचा किस्सा सांगितला. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत. बाप्ये! शेवटी ठरलं की ऑगस्टच्या शर्यतीला त्यांनी 'पेशन्स'वर यायचं. कप्तान मीच. त्यांना सांगून टाकलंय की येताना उडी मारावी लागेल. तसे ते हलके पडतात, पण चालेल.

आज सकाळी खिडकीशी उभी राहिले. उभी आहे, असं एलियाबला मोठ्याने सांगितलं.

आता तुला एक हुकूम. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या शनिवारी बिस्किटं भरायला जायचं नाही. त्या राणीने तुम्हाला सुट्टी दिली नाही तर नाही, मी देते. मुकादमाने कारण विचारलं तर ताठ उभी राहून सांग की आज माझ्या बहिणीचा वाढदिवस आहे. आणि तो म्हणाला की तिचा तर नोव्हेंबरात असतो, तर म्हणावं, तो खरा, हा सरकारी.

दोन वाढदिवसांची झालेली तुझी ताई,
लिओनोरा हॅरिगन
कप्तान, 'पेशन्स'